नकाशा काढताना जिना आधी काढा



घर बांधायचं ठरलं की आपल्याकडं पहिली चर्चा होते ती टाइल्सची. मग पीओपीची, मग दारावरच्या गणपतीची. नकाशा मात्र दीर, भाऊ नाहीतर ओळखीचे कुणी इंजिनिअर काढून आणतात आणि आपल्याला तो सांगितला जातो तो असा: "हा हॉल, हे किचन, ही बेडरूम. बास की." आपण "बरं" म्हणतो, कारण त्या रेघांमधून आपल्याला घर दिसत नसतं. पुढची चाळीस वर्षं त्या रेघांमधून ये-जा करायची असते ती मात्र जास्त करून आपल्यालाच.

मागच्या वेळी घराच्या दुरुस्तीवर बोललो तेव्हा बरेच फोन आले. त्यातला एक फोन शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंचा होता. त्या म्हणाल्या, "दुरुस्तीचं ऱ्हाऊ द्या, आम्ही नवंच बांधतोय. पण घरात भांडण लागलंय. मालक म्हणतात पूर येतोय, खाली काही ठेवायचं नाही, सगळं घर वर. आत्याबाई म्हणतात मी वर चढणार नाही, माझे गुडघे गेलेत. खरं कुणाचं?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो, कारण अगदी हेच भांडण आमच्यातल्या एकीच्या घरी दोन वर्षं चाललं होतं. आज त्याच घराची गोष्ट सांगतो. नावं-गावं राहू देत, हिशेब मात्र खरे सांगतो.

पुराच्या गल्लीतलं घर. अर्ध्या गुंठ्याचा तुकडा, म्हणजे १८ फूट रुंद, ३० फूट लांब. जुनं घर दगडी जोत्याचं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं चूल आणि परडं. वर निम्मी माडी, ती नंतर पत्रे टाकून वाढवलेली. माडीला जिना बाहेरून, बोळातनं. लोखंडी, रुंदी कशीबशी दोन फूट, आणि मध्ये एक वळण. त्या वळणावर तिकोनी पायऱ्या, म्हणजे एका बाजूला टाच मावते आणि दुसऱ्या बाजूला बोटंसुद्धा मावत नाहीत. हा जिना घराच्या लोकांना सवयीचा होता. पोरं तर दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला सगळ्यांना आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या या घरी पाणी रात्री आलं. उंबऱ्याला लागेपर्यंत सगळे म्हणत होते, उतरेल. उतरलं नाही. आत्याबाई तेव्हा ७१ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांनी हैराण. तालमीतली दोन पोरं आली, त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि उचलून बोळातल्या जिन्यावर नेलं. जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्या पाण्याखाली. वळणावर खुर्ची अडकली. वर जाईना, मागं घेता येईना. शेवटी खुर्ची तिरकी केली आणि त्या माऊलीनं कठडा धरून स्वतःला ओढून घेतलं. मनगट सुजलं ते पुढं महिनाभर तसंच राहिलं.

पण त्या स्वतः मनगटाचं कधी बोलत नाहीत. बोलतात ते पुढच्या दोन दिवसांचं. माडीवर संडास नव्हता. होता तो खाली, पाण्यात. बोट येईपर्यंत दोन दिवस घरातल्या बायका पाणी प्यायच्या बंद झाल्या, लघवीला जावं लागू नये म्हणून. आत्याबाईंना साखरेचा त्रास, गोळ्या चालू. आणि पाणी पीत नव्हत्या. आम्हाला वाटतं की पुराच्या बातम्यांत गावं, जनावरं, भिंती सगळं मोजलं गेलं, पण किती घरांत बायकांनी अशी तहान मारली ते कुणी मोजलेलं नाही.

त्या पुरात मागची भिंत बसली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. मग घर उतरवून नवीन बांधायचं ठरलं.

पहिला नकाशा आला तो शिरोळच्या ताईंच्या मालकांसारखाच. खाली पार्किंग आणि एक दुकानगाळा, वर सगळं घर. पुराच्या दृष्टीनं बघितलं तर चूक नाही. आपल्या भागात गेल्या काही वर्षांत अशी पुष्कळ घरं उभी राहिली आहेत. खाली नुसते खांब, वर संसार. पण त्या घरांत एकदा डोकावून बघा. सत्तरीची बाई एकदा वर चढली की मग ती लग्नाकार्याला आणि दवाखान्यालाच खाली येते. गल्लीतली हळदी-कुंकवं, दारातली भाजीवाली, देवळापर्यंतची फेरी, सगळं सुटतं. गॅलरीतनं गल्ली दिसते, तेवढीच. पूर येतो काही वर्षांतनं एकदा, तोही चार-आठ दिवस. गुडघे मात्र रोज दुखतात. रोजचं सोडून कधीतरीचं धरायचं, हे आम्हाला पटेना.

बरं, उलटं करावं म्हणावं, सगळं खाली ठेवावं, तर २०१९ विसरायचं कसं?

मग कुणीतरी म्हणालं, जोतंच उंच घेऊ, पुराच्या वर. हा विचार अगदी बरोबर आहे, पण त्याचा हिशेब मांडून बघितला पाहिजे. आधी पाण्याची खूण शोधायची. जुन्या भिंतीवर, शेजारच्या देवळाच्या खांबावर, शाळेच्या फाटकावर २०१९ ची ओल कुठपर्यंत होती ते दोघा-तिघांना विचारायचं. एकाच माणसाच्या आठवणीवर जाऊ नका, पुराचं पाणी आठवणीत वाढतं. ती खूण आपल्या प्लॉटवर आणायला गवंड्याकडं पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. एक टोक खुणेला लावायचं, दुसरं आपल्या प्लॉटवर पुरलेल्या काठीला. अर्ध्या तासाचं काम, आणि त्यावर सगळं घर ठरतं.

आमच्या या घराला ती खूण रस्त्यापासून साडेसहा फुटांवर आली. म्हणजे सोप्यात उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर. तेवढं जोतं घ्यायचं तर दारात सात इंची अकरा-बारा पायऱ्या. खुर्चीचा उतार करायचा म्हटलं तर नियम असा आहे की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. साडेसहा फुटाला ७८ फूट. प्लॉट आहे तीस फुटांचा.

म्हणजे जोत्यानं पूर पूर्ण टळत नाही, आणि टाळायला गेलं तर तळमजलासुद्धा माडीच होऊन बसतो. ज्यांची खूण दोन-अडीच फुटांवर येते त्यांनी मात्र जोतं जरूर तेवढं उचलावं, त्यात काही प्रश्नच नाही. आणि एक गोष्ट आधी बघून घ्या: तुमची जागा पूररेषेत कुठं येते ती. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदीच समजा, आणि दोन्ही रेषांच्या मध्ये जोत्याच्या उंचीवर अटी आहेत. महापालिकेत किंवा नगररचना कार्यालयात नकाशावर दाखवतात. आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांत एकदा कसलं, २००५, २०१९, २०२१ अशी तीन पाणी आम्ही सोळा वर्षांत बघितली. त्या आकड्याचा अर्थ 'आता शंभर वर्षं निवांत' असा नसतो. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच असतो. आज येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता काही कमी होत नाही.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना हे आपल्यापेक्षा आधी कळलं. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा मिळाली. पण शेती खाली, जनावरं खाली, त्यामुळं पुष्कळांचा जीव गावातच राहिला आणि पाणी आलं की सोनतळी. दोन घरांचा तो संसार प्रत्येकाला जमणारा नाही. अर्ध्या गुंठ्यात दोन्ही घरं एकावर एक बसवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

असा विचार केला तेव्हा आमच्या लक्षात आलं की पूर म्हणतो वर चला आणि गुडघे म्हणतात खाली राहू द्या, आणि या दोघांची गाठ पडते ती जिन्यात. रोज राहायचं खाली, आणि वेळ आली की तासाभरात, कुणाला इजा न होता, वर जाता आलं पाहिजे. वर गेल्यावर आठ दिवस निभावलं पाहिजे. म्हणून त्या घराचा नकाशा आम्ही जिन्यापासून काढला. सहसा जिना शेवटी काढतात, उरलेल्या कोपऱ्यात. म्हणूनच तो तसा होतो.

जिन्याचा हिशेब वही काढून लिहून घ्या, कारण गवंडी तोंडी हिशेबात पायरी उंच करतात. पायऱ्या कमी झाल्या की जागा वाचते आणि सेंट्रिंगही सोपं जातं. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. पायरी सात इंचाची घेतली तर १८ पायऱ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच सांगितली आहे, आणि पाऊल ठेवायची जागा किमान २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच. आपल्या पुष्कळ घरांत पायरी साडेआठ-नऊ इंचाची असते. चढताना दम लागतो तो वयाचा म्हणून आपण सोडून देतो. जरा टेप लावून बघा.

अठरा पायऱ्या सरळ एका रेषेत घेतल्या तर चौदा फूट लांबी खातात. मध्ये चौथरा घेऊन वळवला, नऊ खाली आणि नऊ वर, तर साडेसहा फूट रुंद आणि दहा फूट लांब एवढ्या जागेत बसतो. दोन्ही बाजूंची रुंदी तीन-तीन फूट. वळणावर पायऱ्या नाहीत, सपाट चौथरा, तीन फुटांचा. खुर्चीत बसवून नेलेलं माणूस तिथं वळतं, आणि स्वतः चढणारं माणूस तिथं दम खातं. आम्ही तिथं भिंतीत एक कट्टा काढायला लावला, बसण्यापुरता.

पासष्ट चौरस फूट जिन्यालाच गेले. पुढं-मागं जागा सोडून बांधायला हातात होते १८ बाय २५, म्हणजे ४५० चौरस फूट. त्यातला सातवा हिस्सा नुसता जिना. घरात यावर पुष्कळ बोलणी झाली. दाजी म्हणाले, "जिन्यात संसार करणार काय?" मग आम्ही काय सोडलं? दुकानगाळा सोडला. वरची पुढची गॅलरी सोडली. हॉलमध्ये सोफासेट बसेल एवढी जागा सोडली; सोप्याला सोपाच राहू दिला. गाळ्याचं भाडं आलं असतं हे खरं आहे, आणि ज्या घराला त्या भाड्याची गरज आहे तिथं हिशेब वेगळा होईल. ते प्रत्येकीनं आपलं बघावं.

जिना घराच्या आत, पण सोप्यातनंच वर जाणारा. यामागं आणखी एक विचार आहे, आणि तो घरात मोठ्यानं बोलायला जरा अवघड जातो. उद्या पोरांची वाटणी झाली, किंवा वरचा मजला भाड्यानं द्यायचा झाला, तर सोप्यातलं आतलं दार लावलं की खालचं घर वेगळं, वरचं वेगळं. स्वयंपाकघराच्या पोटातनं वर जाणारा जिना असेल तर वाटणीच्या दिवशी भिंत कुठं घालायची यावरनं भावा-भावांत जन्माचं वाकडं येतं. आम्ही अशी दोन-तीन घरं बघितली आहेत.

जिन्याच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडी हवी. एकाच बाजूला असेल तर चढताना ज्या हातात जोर तो हात, उतरताना नेमका दुसरा. दांडी किती उंचीवर, तर साधारण तीन फूट. पण आम्ही आत्याबाईंनाच उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि तिथं खूण केली. आणखी एक चूक टाळा. जिन्याच्या चौथऱ्याखाली संडास बसवायची आपल्याकडं फार हौस. नऊ पायऱ्या म्हणजे पाच फूट तीन इंच, त्यातनं चौथऱ्याच्या स्लॅबची जाडी गेली. खाली पाच फूटही उरत नाहीत. वाकून आत जायचं, वाकून बसायचं, आणि उठताना डोकं आपटायचं. तिथं केरसुण्या, बादल्या, पोरांच्या सायकली ठेवा.

आता खाली काय, ते सांगतो. सोपा साधारण दहा बाय अकरा. त्याला लागून एक खोली, दहा बाय दहा. ही खोली कुणाची म्हणून कायमची ठरवलेली नाही. आज आत्याबाईंची, मध्ये लेक बाळंतपणाला आली की तिची, पुढं कुणाचा पाय मोडला की त्याची, आणि पुढं आमचीच. जुन्या घरात माजघर असंच सगळ्यांना सामावून घ्यायचं. पण त्या माजघराचं फार कौतुकही नको. खिडकी नसलेल्या त्या अंधाराच्या खोलीत बायकांच्या पिढ्या निजल्या, बाळंत झाल्या, आजारी पडल्या. नव्या खोलीला दोन बाजूंना खिडक्या घेतल्या, आणि खिडकीची कड जमिनीपासून दोनच फुटांवर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडल्या-पडल्या बाहेरचं दिसावं म्हणून.

या खोलीला लागूनच संडास आणि न्हाणी, पाच बाय सात. यावर घरात दुसरं भांडण झालं. देवघराच्या भिंतीला संडास नको, अमुक दिशेला नको, असं एका जाणत्या माणसानं सांगितलं. आम्ही वाद घातला नाही. देवघर उचललं आणि सोप्यात पूर्वेच्या भिंतीला नेलं. देव हलवता येतात, रात्री दोन वाजता परड्यात पावसातनं जाणारी म्हातारी हलवता येत नाही.

न्हाणीचं दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलेलं माणूस दाराला टेकून पडतं आणि आत उघडणारं दार मग ढकलता येत नाही. मदतीला गेलेली माणसं बाहेरच. दाराची रुंदी आपल्याकडं दोन-सव्वादोन फूट ठेवतात. चाकाची खुर्ची असते सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद, वर हात धरायला जागा पाहिजे. म्हणून खालच्या मजल्यावरची सगळी दारं तीन फूट. चौकटीला उंबरा नाही, पाणी अडवायला अर्ध्या इंचाचा उतार. कमोडच्या बाजूला दांडी आज लावा किंवा नंतर लावा, पण ती भिंत आज भक्कम विटांची करून ठेवा. चार इंची पोकळ ब्लॉकच्या भिंतीत दांडीचे स्क्रू धरत नाहीत, आणि ज्या दांडीवर भरवसा टाकायचा ती हातात यायला नको. फरशी खरखरीत घ्या. चकचकीत टाइल दुकानात छान दिसते.

स्वयंपाकघर वर की खाली, यावर आम्ही सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. वर नेलं तर फ्रिज, पीठ, डबे पुरातनं वाचतात. पण मग घरातली बाई दिवसभर वर, आत्याबाई दिवसभर खाली एकट्या, आणि चहाच्या प्रत्येक कपाला अठरा पायऱ्या. खालीच ठेवलं. पण असं ठेवलं की पाणी आलं तर नुकसान थोडं व्हावं. २०१९ नंतर प्लायवूडची कपाटं फुगून, दारं वाकडी होऊन गल्लीगल्लीत ढीग पडले होते. कडप्प्याच्या फळ्या मात्र धुतल्या आणि पुन्हा वापरल्या. म्हणून खाली ओट्याखाली नुसता कडप्पा, दारांऐवजी पडदे. दिसायला साधं दिसतं, पाहुण्याबायका विचारतातही, "ट्रॉल्या नाही केल्या?" धान्याची पिंपं, लोणच्याच्या बरण्या, कागदपत्रांची पेटी वर. हे तर जुन्या घरातही होतं, धान्य माळ्यावरच असायचं.

आणि वर एक दुसरी मोरी, एक संडास, आणि तीन फुटांचा छोटा ओटा. त्याला आम्ही पुराचा ओटा म्हणतो. एरवी त्यावर इस्त्री होते. पाणी आलं की शेगडी आणि सिलिंडर वर चढवायचा, की चूल मांडली. सिलिंडर वर नेतानाही तीन फुटी जिना कामाला येतो. २०१९ ला शहराचा पाणीपुरवठाही बंद पडला होता, उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. म्हणून गच्चीवरची टाकी जरा मोठी.

संडासाचं एक सांगतो, कारण हे बायकांनाच साफ करावं लागतं. पुराचं पाणी दारातनं येण्याआधी खालच्या संडासातनं वर येतं. गटारीचं पाणी उलटं फिरतं. बाहेरच्या पाइपला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, बांधताना थोडक्यात होतो, नंतर फरशी फोडावी लागते. नाही बसवला तर निदान वाळूची पिशवी भांड्यात दाबून ठेवा. वरच्या संडासाचा पाइप खालच्यात न जोडता बाहेरून वेगळा घ्या. नाहीतर वरचं सोडलेलं खाली उफाळतं. वायरमनला सांगून खालच्या मजल्याची लाइन वेगळी करा आणि तिचं बटण वर ठेवा. म्हणजे पाय पाण्यात ठेवून मीटरच्या पेटीशी जायची वेळ येत नाही. इन्व्हर्टर वर.

ज्या मैत्रिणी कळंबा, पाचगाव, उजळाईवाडीकडं राहतात त्या म्हणतील, आम्हाला पुराचं काय! बरोबर आहे. पण खालची एक खोली, लागून न्हाणी, रुंद दार आणि सात इंची पायरी ही तुम्हालाही लागू आहे. तुमच्याकडं जागाही मोठी असते, त्यामुळं निमित्त चालणार नाही. आज एक मजला आणि पुढं बघू, असं असेल तर पाया आजच दोन मजल्यांचा काढा आणि जिन्याची जागा आजच सोडा. पुढं बघू म्हणून कॉलमच्या सळ्या वर्षानुवर्षं उघड्या ठेवतात, त्या गंजतात. त्यांना सिमेंटची पातळ लापशी लावून झाकून ठेवा.

पावसाचंही बघा. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पश्चिमेला उघडा व्हरांडा काढून त्यात कपडे वाळत घालायचं ठरवलं तर जून ते सप्टेंबर कपडे भिजतच राहतील. या घरात जिन्याच्या डोक्यावर गच्चीला पत्र्याची शेड घेतली, पश्चिमेची बाजू बंद, पूर्वेची उघडी. बाळाची दुपटी तिथं वाळतात.

नकाशा पास करण्याआधी एक काम करा, यासाठी इंजिनिअर लागत नाही. दहा रुपयांची फक्की आणा, मैदानावर मारतात ती. मोकळ्या जागेत, नाहीतर गच्चीवर, नकाशा जशाच्या तशा मापानं आखा. मग त्यात खरी खाट ठेवा, खरी शेगडी मांडा, आणि दिवसभराची कामं करून बघा. कणीक मळून मागं वळला की काय लागतं? खाटेवरचं माणूस उठून न्हाणीपर्यंत किती पावलं? दोघी जावा एकदम ओट्याशी उभ्या राहिल्या तर ढुंगणाला ढुंगण लागतं का? हसू नका, आमच्या आखणीत लागलं, आणि स्वयंपाकघर आम्ही नऊ इंचांनी वाढवलं. आत्याबाई काठी घेऊन फक्कीच्या रेघांवरनं फिरल्या आणि म्हणाल्या, "इथनं मला गल्ली दिसत नाही." म्हणून सोप्याची खिडकी सरकवली. भिंत उभी राहिल्यावर ती खिडकी सरकवायला काय खर्च आला असता ते गवंड्यालाच विचारा.

घर गेल्या वर्षी उभं राहिलं. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, तेव्हा घरात पहिल्यांदा रंगीत तालीम केली. बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी येतं तो आकडा प्रत्येक घराचा वेगळा असतो, तो भिंतीवर लिहून ठेवलाय. त्याच्या दोन फूट आधीच वर जायचं ठरलंय. आत्याबाई स्वतःच्या पायांनी चढल्या. चौथऱ्यावर कट्ट्यावर बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या, आणि उरलेल्या नऊ चढल्या. सव्वासहा मिनिटं लागली. नातवानं मोबाइलवर वेळ लावली होती. पाणी काही गल्लीत आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सोप्यात येऊन बसल्या आणि भाजीवालीशी मेथीच्या भावावरनं वाद घालत होत्या.

शिरोळच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडनं एवढंच. मालकांचंही खरं, आत्याबाईंचंही खरं. नळीनं पाण्याची खूण घ्या, नकाशा फक्कीनं आखा आणि दोघांनाही त्यात चालायला लावा. मापं घेऊन फोन केलात तर जिन्याचा हिशेब आपण एकत्र मांडू. पुढच्या भागात गोठ्याबद्दल बोलू, कारण म्हशींना जिना चढता येत नाही आणि त्यावरही तुमचे पुष्कळ फोन आले आहेत.